तापल्यावर चढली तर

तांबू चढाच्या मध्यावर थांबली आणि कण्हायला लागली.

“दाब! अजून दाब!” पप्पा खालून ओरडले.

“दाबूनच धरलंय दादा! आता काय पाय खाली जमिनीत रोवू?” छबूआत्या वरून ओरडली.

इंजिनाचा आवाज ठणठणीत होता, पण चाकं जागची हलेनात. मग तांबू हळूहळू, सगळ्यांसमोर पदर पडल्यासारखी ओशाळून, मागे घसरायला लागली. आत्यानं ब्रेक लावला, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून कमरेला खोचली. डोक्याला बांधलेला स्कार्फ सोडून तिनं तोंड पुसलं. घाम होता म्हणून पुसलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

शनिवार होता, सकाळची शाळा. मी आठवीत. दप्तर पाठीवर घेऊन फाटकातून आत आले तर हा देखावा! फाटकाशी एक टेम्पो उभा होता आणि त्यात ताडपत्रीखाली काहीतरी नवंकोरं झाकलेलं होतं. टेम्पोला टेकून एक गृहस्थ बडीशेप चावत होते. हे देवरे. शेतीची आणि बागेची यंत्रं विकणारे, जुनी घेऊन नवी देणारे.

आता आमचं लॉन्स सांगते, म्हणजे चित्र नीट दिसेल. सिन्नरच्या अलीकडे हायवेला लागून आमचं लग्नाचं लॉन्स आहे. खालची हिरवळ जेवणावळीची, वरची हिरवळ लग्नाची, आणि दोन्हींच्या मध्ये गवताचाच एक रुंद चढ. नवरी त्या चढावरून वर येते, फोटोवाले खाली लोळून फोटो काढतात, असा सगळा थाट. आणि ही हिरवळ कापायला तांबू. तांबू म्हणजे वर बसून चालवायचा, तांबड्या रंगाचा, बुटका ट्रॅक्टर; पोटाखाली गवत कापायची पाती. कुठल्याशा क्लबानं बदलायला काढला होता, तो पप्पांनी आणला. तांबू हे नाव आत्याचं. तिच्या लहानपणी घरी त्या नावाची गाय होती.

तांबू आत्याशिवाय कुणी चालवत नव्हतं. का, तेही सांगते. आत्याचा डावा पाय पोलिओनं लहानपणीच गेलेला. स्कूटर शिकायचा प्रयत्न झाला, पप्पांचा ट्रॅक्टर शिकायचा झाला. प्रत्येक ठिकाणी क्लच आडवा आला. आणि तांबूला क्लचच नाही! गिअर बदलायचे नाहीत. दोन पेडल, दोन्ही उजव्या पायाशी. एक दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे. आतमध्ये तेल दाबलं जातं आणि त्या तेलाच्या जोरावर चाकं फिरतात. हायड्रो म्हणतात त्याला. जणू लांबच्या कुठल्या देशात कुणीतरी आमच्या छबूआत्याचं माप घेऊनच ती बनवली होती.

जमिनीवर आत्या गुडघ्यावर हात दाबत चालायची, हळू. तांबूवर बसली की डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर पप्पांचा जुना गॉगल, आणि हिरवळीवर असे सरळ पट्टे काढायची की लग्नाला आलेले लोक चप्पल काढून त्यावर पाय ठेवायचे. “हे कुणी कापलं?” असं कुणी विचारलं की ती मांडवाच्या दुसऱ्या टोकाला असली तरी तिला ऐकू जायचं.

तर, तीच तांबू आता चढाच्या मध्यावर बसली होती. आणि दुसऱ्याच दिवशी हंगामातलं पहिलं लग्न.

“हायड्रोचं हे असंच असतं भानूशेठ,” देवरे म्हणाले. “तरुणपणी हरीण, म्हातारपणी कासव. सकाळी थंड असताना पळतंय, आणि तापलं की मान टाकतंय. म्हणजे आतला पंप झिजला. तो डबा सीलबंद असतो, उघडून दुरुस्त करायची सोय नाही. नाशिकचा मिस्त्री काय म्हणाला?”

“हेच,” पप्पा म्हणाले.

“दसऱ्यापर्यंत झकास होती हो,” आत्या म्हणाली.

“माणूस पण मरायच्या आदल्या दिवसापर्यंत झकासच असतो, ताई.”

“दामटून दामटून मारलीस तू तिला,” पप्पा आत्याला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण आत्या गप्प झाली. आत्या गप्प होणं म्हणजे आमच्या घरात दिवसाढवळ्या दिवे जाणं!

देवऱ्यांनी ताडपत्री ओढली. खाली निळ्या रंगाचं नवं यंत्र. चकचकीत, खरंच देखणं होतं, खोटं कशाला बोलू.

“ही गिअरवाली. हिला मरण नाही. बसून बघा की ताई.”

टेम्पोतच होतं ते. पप्पांनी हात दिला, आत्या चढली, सीटवर बसली. मग दोन्ही हातांनी स्वतःचा डावा पाय उचलून तिनं डाव्या पेडलवर ठेवला. पाय तिथे नुसता राहिला. दार उघडायला पाहुणा उभा राहावा आणि कडीला हातच पुरू नये, तसा.

“छान आहे,” आत्या म्हणाली. “फक्त हिच्याबरोबर एक डावा पाय फुकट मिळतो का बघा.”

देवरे हसले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते हसायचे थांबले. पप्पा स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

“छबू,” ते म्हणाले, “तू ऑफिसात बस ना आता. पंखा आहे, सावली आहे. बुकिंगचे फोन घे. उन्हातान्हात कशाला?”

“फोनला पाय लागत नाहीत, एवढंच ना दादा?”

ठरलं होतं ते ठरलंच होतं. देवरे जेवणार, मग निळी उतरवणार आणि तांबूला टेम्पोत घालून नेणार.

मला ओरडायचं होतं. पण तोपर्यंत मोठ्या माणसांच्या बोलण्यात माझं काम एकच असायचं, पाण्याचा तांब्या नेऊन ठेवणं. वर्गातसुद्धा बाईंनी उभं केलं तर उत्तर येत असून मी बाकाकडे बघायचे. तर मी तांब्या नेऊन ठेवला आणि रडू आवरत मुदपाकखान्यात गेले.

तिथे आमचे आचारी बन्सीकाका उद्याच्या जिलेबीचा पाक लावत होते.

“काय गं केतू, तोंड का असं? कारलं गिळलं का?”

“तांबूला नेतायत.”

“ऐकलं,” काका म्हणाले आणि झाऱ्यानं पाक उचलून वरून सोडला. पाण्यासारखी धार पडली.

“काका, पातळ झाला हा! जिलेबी धरणार नाही.” मी पाकातलं थोडंफार जाणत होते, त्या कढईशीच मोठी झाले होते.

“पातळ कुठला? गरम आहे. गरम पाक पळतो, गार पाक धरतो. बघ.” त्यांनी ताटलीत थेंब टाकला, पुठ्ठ्यानं वारा घातला आणि मग बोटाला लावून दोन बोटं लांब केली. मध्ये लख्ख तार! “तोच पाक. वारा मिळाला, शुद्धीवर आला.”

मी ती तार बघत राहिले.

तोच पाक. गरम असला की पळतो, गार असला की धरतो. आणि तांबूच्या पोटात तेल. थंड असली की धरते, तापली की... अगंबाई!

“काका, आणि वाराच मिळाला नाही तर?”

“तर बस बोंबलत.”

तांबूला वारा कोण घालतं ते मला माहीत होतं! सीटच्या खाली, मागच्या चाकांच्या मधोमध तो तेलाचा डबा असतो आणि डब्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा एक छोटा पंखा. आत्यानं मला एकदा दाखवला होता. “हे तांबूचं नाक,” म्हणाली होती.

मी धावले. दप्तर पाठीवरच होतं, तसंच. तांबूला ढकलून चढाच्या पायथ्याशी सावलीत लावलं होतं. किल्ली आत्याच्या कमरेला, तेव्हा चुकून सुरू व्हायची भीती नव्हती. मी शाळेच्या गणवेशात सरळ पाठीवर झोपले आणि मागच्या बाजूनं आत सरकले. डबा अजून तव्यासारखा तापलेला होता, कोपर टेकलं आणि तोंडातून ‘आई गं’ निघालंच.

आणि पंखा नव्हता.

म्हणजे पंख्याच्या जागी एक घरटं होतं! सुगरणीचं असतं ना, तसं. गवत, धूळ, तेल सगळं एकजीव होऊन पंख्याला आणि त्याच्या खालच्या खाचांना लिंपून बसलेलं. कुणी वाकून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, गवत कापायची गाडी आहे, गवत असणारच. मी फूटपट्टी काढली आणि खरवडायला लागले. मग हातानं ओढलं. तुटेना. गवत असं चिवट नसतं. परत ओढलं तर हिरवा नायलॉनचा दोरा आला. आणि दोऱ्याबरोबर काळं पडलेलं, कोळपलेलं झेंडूचं फूल. त्याच्यामागे आंब्याच्या पानाचं देठ. मग परत फूल.

मी ओढायचे थांबले. ती माळ कुणाची होती ते मला कळलं होतं.

खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे सगळ्या औजारांची पूजा होते. कढया, झारे, जनरेटर, पप्पांचा ट्रॅक्टर, सगळ्यांना एकेक फुलांची सर. पण तांबूला? तांबूला आत्यानं स्वतः ओवलेली, ही एवढी लांब माळ! दोऱ्यासाठी साधं सूत नको म्हणाली, गाडीच्या धक्क्यानं तुटतं. मांडवाला वापरतात तो नायलॉन घेतला. पुढून बॉनेटवरून आणून सीटच्या दोन्ही बाजूंनी मागे सोडली, मुंडावळ्यांसारखी. आणि मग माळेसकट तांबूची लॉन्सभर मिरवणूक. संध्याकाळी माळ दिसेना तेव्हा आत्या म्हणाली होती, “शेजारची गाय खाऊन गेली मेली!” त्या बिचाऱ्या गायीला तिनं आठवडाभर शिव्या दिल्या होत्या.

गाय निर्दोष होती.

दसऱ्यापर्यंत झकास होती. बरोबर! दसऱ्यापर्यंतच.

आता माझी पंचाईत बघा. माळ बाहेर नेऊन दाखवली की तांबू सुटणार. पण पप्पा आत्ताच म्हणाले होते, दामटून मारलीस. आता म्हणणार, गळा आवळून मारलीस. आणि मग तांबू राहिली तरी तिच्यावर आत्याला बसू देतील का? कसलं काय. “नीट सांभाळता येत नाही,” हे एक वाक्य आत्याच्या आयुष्यात फार जणांनी फार वेळा म्हटलेलं होतं.

मी माळ पूर्ण ओढून काढली, गोळा केली आणि दप्तरात कोंबली, डब्याच्या शेजारी. मग खाचा फूटपट्टीनं साफ केल्या. पंख्याचं एक पातं टोकाला मोडलेलं होतं, बाकीची शाबूत. बोटानं फिरवलं. फिरलं! भुर्रकन! माझ्या तोंडावर जुन्या गवताचा भुसा उडाला आणि मी आत पडल्या पडल्या एकटीच हसले.

तेवढ्यात फळी ओढल्याचा आवाज. देवऱ्यांचं जेवण झालं होतं. निळीला उतरवायला टेम्पोला फळी लावत होते.

“थांबा!”

तो आवाज माझा होता, हे मला जरा उशिराच कळलं. मुदपाकखान्यातून बन्सीकाका झारा घेऊन बाहेर आले, एवढा तो आवाज मोठा होता.

पप्पा धावत आले. “काय झालं? साप आहे का आत?”

मी बाहेर सरकले. तोंड काळं, वेणीत गवत, पांढरा शर्ट संपलेला. “साप नाही पप्पा. तांबूचा पंप झिजलेला नाही! तिचं नाक चोंदलंय! म्हणजे चोंदलं होतं. पंखा फिरत नव्हता, म्हणून तेल तापत होतं, आणि तापलं की पाकासारखं पातळ होऊन पळतं, मग चाकांना जोर कुठून येणार? गरम पाक पळतो, गार पाक धरतो! विचारा बन्सीकाकांना!”

एका दमात एवढं मी आयुष्यात बोलले नव्हते.

“आता जिलेबीवरून ट्रान्समिशन समजायचं का आम्ही?” देवरे म्हणाले, पण त्यांची बडीशेप तोंडातच थांबली होती.

“केतू, बाळ,” पप्पा म्हणाले, “हा काय शाळेतला प्रयोग आहे का?”

“चालवून बघा!”

“आत्ता चढेल गं,” देवरे म्हणाले. “आत्ता थंड झालीये. आजारी माणूसही सकाळचा चहा हौसेनं पितो. खरी परीक्षा तापल्यावर.”

“मग तापवा!” मी म्हणाले. “खालचं लॉन कापा, वरचं कापा, भर उन्हात कापा. आणि मग हाच चढ. तापल्यावर चढली तर ठेवा. नाही चढली तर न्या, मी फळीला हात लावते.”

पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू तांब्याच बोलायला लागला होता.

“आणि कापणार कोण?” ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आत्या स्कार्फ बांधत होती.

मग काय! तांबू सुरू झाली. आत्यानं गॉगल चढवला आणि पहिला पट्टा काढला. ऊन असं की डोळे दिपावेत. मी बाजूनं धावत होते, बन्सीकाका पाक तसाच सोडून बघायला आलेले, देवरे रुमाल डोक्यावर टाकून टेम्पोच्या सावलीत. आत्या प्रत्येक फेरीला आमच्यासमोरून जाताना एकेक टोला हाणत होती. “बन्सीभाऊ, पाक करपला!” पुढच्या फेरीला, “देवरेसाहेब, सरका जरा, तुमचे पाय कापले जातील, मग निळीचा क्लच कोण दाबणार?”

पाण्याच्या टाकीचा कोपरा आला. गेले कितीतरी दिवस तांबू तिथेच कण्हायला लागायची. मी कान टवकारले. पप्पांनीही टवकारले, मला दिसलं.

तांबू गुणगुणत पुढे गेली.

टाकीवरून परत आली, परत गेली. खालचं लॉन झालं. वरच्या लॉनला जायला बाजूनं सपाट रस्ता आहे, तिथून ती वर गेली, तिथलंही कापून परत खाली आली. आत्याचा चेहरा तांबूइतकाच तांबडा झालेला. देवरे उठले आणि मागे वाकून डब्याजवळ तळहात धरला. “तापलीये,” ते म्हणाले. “पण चटका नाही.” मग पप्पांना म्हणाले, “आता चढवा. रोज चढते तशी चढवा.”

पप्पा गेले आणि तांबूच्या मागे खुर्च्यांची ट्रॉली अडकवायला लागले.

“हे काय?” देवऱ्यांनी विचारलं.

“रोज अशीच चढते. खुर्च्या वर न्यायच्या असतात ना.”

“पप्पा!” मी कमरेवर हात ठेवले. हात आपोआप गेले तिथे. “गवत कापायच्या गाडीला खुर्च्या ओढायला कुणी लावलं?”

“मी लावलं. का?”

“पोरगी बरोबर बोलली शेठ,” देवरे म्हणाले, आणि त्यांना धंदा सोडून असं बोलताना जरा जडच गेलं. “हा डबा हिरवळीवर फिरायला दिलेला असतो. बैलगाडी ओढायला नाही. ट्रॉली मी मघाशी बघितली असती तर तेव्हाच बोललो असतो.”

पप्पांनी खीळ काढली. ट्रॉली बाजूला ढकलली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तांबू चढाला लागली.

सुरुवातीला झरझर. मग ती जागा आली. मघाशी मागे घसरताना चाकांनी जिथे गवत खरवडलं होतं तीच. तिथे चढ जरा उभा आहे. तांबूचा वेग कमी झाला. अजून कमी. इंजिनाचा आवाज भरून आला. आत्याचा जन्म ऑफिसातल्या पंख्याखाली फोन घेण्यात जाणार की नाही, ते त्या तेवढ्याशा उघड्या मातीवर ठरत होतं.

“दाब छबू!” पप्पा ओरडले. “अजून दाब!”

आणि मी बघितलं, आत्यानं पाय वर घेतला! सोडला नाही, नुसता सैल केला. पेडल थोडं वर आलं. मला वाटलं, संपलं, हरली. पण तांबू एकदम खालच्या सुरात गुरगुरली, चाकांनी माती धरली, आणि ती हळू, अगदी हळू, गाभण गायीसारखी जपून, ती जागा ओलांडून वर गेली. वर म्हणजे पार वर! लग्नाच्या स्टेजपर्यंत!

मी किंचाळले. बन्सीकाकांनी झारा ट्रॉलीवर बडवला. आत्या वरून ओरडली, “दाबायचं नसतं दादा! तिला जड गेलं की आपण सैल व्हायचं असतं! मघाशी तू ओरडत होतास म्हणून दाबत बसले!”

आम्ही सगळे धावत वर गेलो. पप्पा सगळ्यांच्या पुढे. वर पोचल्यावर त्यांनी तांबूच्या सीटवर हात ठेवला, दम घेतला आणि मग माझ्याकडे वळले.

“केतू, आत नक्की काय अडकलं होतं?”

“गवत.”

“नुसतं गवत?”

“हो. म्हणजे, पुष्कळ गवत.”

“गवतानं पंखा थांबतो?”

“चिवट गवत होतं, पप्पा.”

आत्या सीटवरून माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे नाही, माझ्या पाठीकडे. “केतू,” ती म्हणाली, “तुझ्या दप्तराला शेपूट कधी फुटलं?”

मी मागे हात नेला. दप्तराच्या चेनमधून हिरवा दोरा लोंबत होता आणि त्याच्या टोकाला एक काळंठिक्कर झेंडूचं फूल. मी झाकायच्या आत आत्यानं वाकून दोरा धरला आणि ओढला. माळ निघाली. निघतच राहिली. मध्येच माझ्या डब्यातली अर्धी पोळी तिच्यात गुंतून आली.

आत्या माळ मांडीवर घेऊन बसली होती. तिनं एका गाठीवरून अंगठा फिरवला. तिची गाठ तिला ओळखू येणार नव्हती होय! तिचा चेहरा पडत गेला आणि मला वाटलं, मी आख्ख्या दुपारभर जे वाचवलं ते आता या एका दोऱ्यानं गेलं.

“गवतच म्हण ना आत्या,” मी हळूच म्हणाले.

आत्यानं मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग सरळ पप्पांकडे.

“दादा, गायीनं नाही खाल्ली,” ती म्हणाली. “तांबूनं खाल्ली. दसऱ्याची माझी माळ. मीच घातलेली.”

पप्पांनी माळ हातात घेतली. दोन्ही हातांत धरून दोरा ताणला. तुटला नाही. परत ताणला.

“मजबूत ओवली होतीस,” ते म्हणाले.

“हो ना.”

“आणि ट्रॉली मी लावली होती.” त्यांनी माळेतली माझी अर्धी पोळी सोडवली, झटकली आणि मला परत दिली. “फिटंफाट. उद्या नवरी चार वाजता येणार आहे, कडेचं गवत राहिलंय बघ तुझं.”

एवढंच! मग ते खाली ट्रॉलीकडे गेले आणि ती एकटेच ओढत गोदामात नेऊन ठेवली. लांब फिरून, आमच्याकडे पाठ करून.

देवरे मात्र खुशीत होते, खेप फुकट जाऊनसुद्धा. बन्सीकाकांनी त्यांना पहिल्या घाण्याची जिलेबी खाऊ घातली. ताडपत्री बांधताना ते मला म्हणाले, “दर आठवड्याला वाकून पंखा बघत जा. आणि ते हायड्रो टिकत नाही म्हणालो ना, ते मनावर घेऊ नकोस. टिकतं. लोक टिकू देत नाहीत.”

त्यानंतर पुढच्या दसऱ्यापर्यंत मी वर्गात इतकं बोलले की बाईंनी माझी जागा दोनदा बदलली.

तर ती पुढची खंडेनवमी. आत्यानं तांबूला नुसतं हळदीकुंकू लावलं, उदबत्ती लांबून ओवाळली. पण टोपलीत माळ होतीच. यंदाही लांब, यंदाही नायलॉनची.

“आता ही कुणाला?” पप्पांनी घाबरून विचारलं.

“औजारांची पूजा आहे ना आज?” आत्या म्हणाली आणि तिनं ती माळ माझ्या गळ्यात घातली. दोन वेढे बसले. “हे माझं औजार. हिच्या घशात अडकली तरी आवाज बंद होणार नाही.”

मग ती तांबूपाशी गेली. कमरेची किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. “बस.”

मी? मी! मी उडी मारून सीटवर चढले, किल्ली लावणार, तेवढ्यात आत्यानं माझ्या टाळक्यात टपली मारली.

“शहाणे! आधी ती माळ काढ गळ्यातली!”

माळ काढली आणि जवळ उभं कोण होतं? पप्पा. आत्यानं त्यांच्याच गळ्यात घातली. ते व्याह्यासारखे ताठ उभे राहिले, झेंडूत बुडालेले, आणि मी तांबूला चढाला लावलं. ती जागा आली, तांबू जड झाली, इंजिन भरून आलं.

“दाब केतू!” पप्पा खालून ओरडले. “दाब!”

“दाबायचं नसतं!” मी आणि आत्या एकदम ओरडलो, आणि मी पाय सैल केला.